आठ माणसं, चार कोयते

नंदाने सही करायला पेन हातात घेतलं आणि मुकादमाने ते तिच्या बोटांतून काढून घेतलं. हिसकावून नाही. लहान पोराच्या हातातून कात्री काढून घेतात तसं, हसत हसत.

"बाईची सही कशाला? कोयत्याला सही एकच."

लालबागची आमची चाळ, दुसरा मजला, भर दुपार. गॅलरीत निम्मी चाळ जमली होती. पुरुष हसले. नंदाचा नवरा, म्हणजे माझा दीर, तोही हसला. त्याने सही ठोकली. मुकादमाने पेन खिशाला अडकवलं. नंदा उठली, आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

नंदा माझी धाकटी जाऊ. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती, कायम. तिला तिचा नंबर होता, तिचा पास होता. पगाराच्या दिवशी रांगेत उभी राहून स्वतःच्या नावापुढे सही करायची. गिरण्यांच्या संपावर गेली तीसुद्धा स्वतःच्या नावाने गेली, कुणाची बायको म्हणून नाही. आमचे नवरे, दोघे भाऊ, साचेखात्यात, मागांवर. आणि मी खानावळवाली. गावाहून एकटे आलेले गिरणीतले गडी माझ्याकडे दोन वेळा जेवायचे. पहाटेपासून चुलीपुढे असायचे मी. पण मला कोणी कामगार म्हणत नव्हतं आणि मलाही तसं वाटत नव्हतं. बाई काय, घरीच असते.

संप लांबला. माझे गडी एकेक करून गावाला निघून गेले. जाताना पाया पडले, पुढच्या महिन्यात येतो म्हणाले. कोणी आलं नाही. त्या दिवाळीला चाळीत फराळ झाला नाही. कुणाच्या दारात रांगोळी दिसली तर लोक आत डोकावून बघायचे, यांच्याकडे काय आहे म्हणून.

अशात हा मुकादम आला. खानदेशातला माणूस, गोड बोलणारा. गुजरातेत ऊसतोडीला माणसं पाहिजेत म्हणाला. जागा फुकट, जळण फुकट, हातात उचल आत्ताच. कोयता म्हणजे काय, तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं. आम्ही कोकणातली माणसं, ऊस बघितला तो रसवाल्याच्या चरकात. त्याने समजावून सांगितलं. कोयता म्हणजे हत्यार, पण तोडीच्या धंद्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडणार, बायको मोळी बांधून डोक्यावरून ट्रकमध्ये चढवणार. माणसं दोन, धरायचं एक.

आमच्या घरातले दोन कोयते झाले. चाळीतले आणखी दोन. चार झाल्यावर मुकादम थांबला. तीन जोड्या हातापाया पडत होत्या, त्यांना म्हणाला, तुम्ही माझ्या भावाकडे जा, तो शेजारच्या चाळीत बसलाय. भावानेही चारच घेतले. त्याच्या मेव्हण्याने पलीकडच्या गल्लीतून चार. निघालो तेव्हा सगळे एकाच ट्रकमध्ये, आणि तिघा मुकादमांचा जेवणाचा डबा एकच. मला वाटलं, घरातल्या घरात धंदा वाटून घेतलाय. तेव्हा तेवढंच वाटलं.

पोरांना कोकणात सासूकडे धाडलं आणि आम्ही गेलो.

उसाचं काय सांगू. साच्यावर आयुष्य काढलेल्या माणसांचे हात ते, दुसऱ्या दिवशी सोलून निघाले. पाचटीने, उसाच्या धारदार पात्यांनी, कोपरापर्यंत चरे पडायचे, घाम लागला की आग. पुरुष ऊस तोडून दमला की बांधावर टेकायचा. बाईला टेकणं नाही. मोळ्या बांधा, वाहा, फळीवरून चढा, ट्रकमध्ये टाका, उतरा. वर पुन्हा पाणी भरा, भाकरी भाजा. नंदा म्हणायची, "वयनी, गिरणीत निदान भोंगो होतो. हय कोण वाजवतलो?" आणि हसायची. तिला हसायला कारण लागत नसे.

ती फळीवरून पडली तेव्हा मी तिच्या मागेच होते. डोक्यावर मोळी, फळी ओली, पाय सरकला. ती पाठीवर पडली आणि मोळी तिच्यावर. मी मोळी बाजूला केली. ती डोळे उघडे ठेवून आकाशाकडे बघत होती आणि मला म्हणाली, पाय लागत नाहीत. मला वाटलं, जमिनीला लागत नाहीत म्हणतेय. तिला म्हणायचं होतं, पाय आहेत असं जाणवतच नाहीये.

मुकादम आला, उकिडवा बसला, तिच्या पायाला चिमटा काढला. मग उभा राहून माझ्या दिराला म्हणाला, "एक कोयता मोडला." त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच हत्यार मोडल्यावर माणूस बोलतो तसा बोलला. संध्याकाळच्या आत त्याने आमच्या दोन्ही जोड्यांच्या जागी नव्या जोड्या कुठूनशा आणल्या. आम्हा चौघांना मुंबईकडे निघालेल्या एका ट्रकमध्ये बसवलं. नंदाला दारावर निजवलं होतं. आमच्या झोपडीला दार नव्हतं, ते शेतमालकाच्या गोठ्याचं होतं. ते तेवढं परत पाठवा म्हणाला.

परळच्या सरकारी हॉस्पिटलात सांगितलं, मणका गेलाय. ऑपरेशन केलं तर निदान बसती होईल, पण मणक्यात घालायची पट्टी आणि औषधं बाहेरून आणावी लागतील. कुठून आणणार? चुलीत घालायला लाकूड नव्हतं. माझा दीर वॉर्डाबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

तिथे एक सोशल वर्कर बाई होत्या, गिरगावच्या, वयाने नंदाएवढ्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, अहो, यासाठी कायदा आहे. नवा आहे, पण आहे. परराज्यात मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला सरकारी लायसन घ्यावं लागतं. प्रत्येक मजुराची नोंद करावी लागते, फोटो लावून पासबुक द्यावं लागतं. कामावर असताना माणूस आजारी पडला, मोडला, तर उपचार त्याच्या गळ्यात. तुमच्या मुकादमाला पट्टी आणून द्यावीच लागेल. त्यांनी अर्जही लिहून दिला. वॉर्डात जाऊन मी नंदाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वयनी, त्येच्याकडे माजा नाव खंय आसा?"

मी म्हटलं, असेल गं. नसून कसं चालेल?

कामगार ऑफिसात मी आणि माझा नवरा गेलो. दिराला यायचं धाडस झालं नाही. साहेब सभ्य होते. स्वच्छ शर्ट, स्वच्छ बोलणं. नवऱ्याला खुर्ची दिली, मी उभी. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला आणि नवऱ्याला विचारलं, कोयते किती होते तुमच्या मुकादमाकडे?

"चार," माझा नवरा म्हणाला.

साहेबांनी अर्जाच्या कोपऱ्यात चार लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"मग कठीण आहे. पाच किंवा जास्त मजूर असतील तरच हा कायदा लागू होतो. चारसाठी लायसनच लागत नाही. लायसन नाही तर आम्ही त्याला विचारणार काय?"

मी म्हटलं, साहेब, आम्ही आठ होतो.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग परत नवऱ्याकडे बघून बोलले. "बायका सोबत जातात हो. कामाला पुरुष ठेवलेला असतो. कुटुंबाला मजूर धरता येत नाही." आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा, बाई. आम्ही बोलतो."

शिपाई दार धरून उभा राहिला. नवरा कुजबुजला, "गप ऱ्हव. भायर जा."

मी बाहेर गेले नाही. एवढं बळ कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही. एरवी मी कुणाच्या डोळ्याला डोळा न देणारी बाई. पण त्या टोपण लावलेल्या पेनाकडे बघून माझं डोकं फिरलं. मी साहेबांच्या टेबलावर दोन्ही हात पालथे टाकले. चरे अजून वाळले नव्हते, कोपरापर्यंत.

"हे नवऱ्याच्या सोबत गेल्याने नाही झालं, साहेब. मोळ्या मी वाहिल्या. पडली ती पण मोळी वाहताना पडली. जेवण घालताना नाही. ती कोण होती ते लिहा."

साहेब खुर्चीत मागे सरकले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण ते हळूच म्हणाले, "मी समजू शकतो. पाचवा कोयता असता तर बघता आलं असतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मुकादम चारवर का थांबला. हातापाया पडणाऱ्यांना भावाकडे का पाठवलं. ट्रक एक, डबा एक, आणि मुकादम चारचारचे तीन. त्याला कायदा तोंडपाठ होता. कायदा माहीत नव्हता तो फक्त आम्हाला, ज्यांच्यासाठी केला म्हणतात त्यांना. आणि बायकांना माणसांत धरायचं नाही, हे तर त्याला कुठल्या ऑफिसात शिकावं लागलं नव्हतं. ते सगळ्यांना येतच होतं. माझ्या नवऱ्याला येत होतं, त्यानेच चार सांगितलं. त्या दिवसापर्यंत मलाही येत होतं.

परतताना नवरा माझ्यापुढे दहा हात चालत होता. घरी आल्यावर म्हणाला, माझी लाज काढलीस. मी म्हटलं, काढली.

ऑपरेशन झालं नाही. नंदाला घरी आणलं. रोज सकाळी माझा दीर तिला पाठुंगळी घेऊन गॅलरीच्या टोकाच्या संडासात न्यायचा. रांगेतली माणसं बाजूला व्हायची. नंदा पदराने तोंड पूर्ण झाकून घ्यायची. जिने वाइंडिंग खात्यातल्या बायकांपुढे उभं राहून भाषणं केली होती, ती. मी मागून बादली घेऊन चालायचे आणि मला सगळ्या जगाचा राग यायचा. पाठीला जखमा झाल्या. त्या भरल्या नाहीत. काही गिरण्यांची दारं किलकिली उघडली, थोड्या लोकांना आत घेतलं. नंदाला बोलावणं आलं की नाही ते आम्ही बघायलाही गेलो नाही.

पुढच्या दिवाळीला मुकादम परत आला. नंदासाठी केळी आणली होती. चाळीने त्याला चहा दिला. तो गॅलरीत त्याच जागी बसला आणि माणसं जमली, कारण कुणाच्याच घरात काही नव्हतं. आत नंदा जागी होती. तिने त्याचा आवाज ओळखला आणि भिंतीकडे मान वळवली.

मी बाहेर आले. म्हटलं, बाईचंही नाव लिही. तिचा फोटो लाव. नाहीतर ऊठ इथून.

तो चिडला नाही. "मावशी, आठ नावं लिहिली तर मला लायसन लागतं."

"मग काढ."

"लायसन काढलं तर तपासणी येते. दवाखाना येतो. मग मी तुम्हाला कशाला नेऊ? भिल्लांना नेईन, ते काही विचारत नाहीत."

असं तोंडावर सांगितलं. मला वाटलं, आता तरी चाळ पेटेल. चाळ माझ्यावर पेटली. शेजारची पार्वती, जिचं पोर मी माझ्या खानावळीतल्या भातावर वाढवलं, ती पुढे आली. म्हणाली, "तुझ्या नावाने पोट भरतं काय गं? तुझं मोडलं म्हणून आमचंही मोडतेस?" तिची चूल मला माहीत होती.

मुकादम उठला, चपला घातल्या, शेजारच्या चाळीत गेला. तिथे त्याला अर्ध्या तासात चार कोयते मिळाले. पार्वतीही धावत गेली, तिचा नंबर लागला नाही. दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही.

नंदा पावसाळ्यात गेली. तिला नेताना गिरणीतल्या बायका आल्या होत्या, चार-पाच. ठेकेदाराकडून कोणी आलं नाही. कशाला येईल? त्याच्या हिशेबी मेलं कोण?

तेव्हापासून मी दर दिवाळीनंतर त्याच्या मागावर असते. तो लालबागला बसला की मी लालबागला. परळला बसला की परळला. यंदा त्याने वरळीची बीडीडी चाळ धरली, मीही गेले. तो बायकांना काय काय फुकट ते सांगतो आणि मी त्याच्या शेजारी बसून सांगते की तुम्ही दोघं जाणार आणि कागदावर एकच जाणार, बाई पडली तर ती पडलीच नाही असं ठरणार, हे साहेबाच्या तोंडून ऐकून आलेय. लोक मला हाकलतात. एका माणसाने अंगावर पाणी फेकलं. आजवर एकाही बाईने माझं ऐकून जाणं टाळलेलं नाही, आणि टाळावं तरी कसं, तेही मला सांगता येत नाही. कायदा तिथेच आहे, पाचवर बसलेला. हा चारवर थांबतो. मी मेले तरी त्यात फरक पडणार नाही, एवढी अक्कल मला आहे.

पण जोवर मला जिना चढता येतोय, तोवर या गिरणगावात तो कुठल्याही गॅलरीत एकटा बसणार नाही. त्याने चार म्हटलं की मी आठ म्हणणार. त्याच्या तोंडावर, सगळ्यांदेखत, मोठ्याने.