शिळा शाफ्ट

कोटिंगच्या कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत; तिच्याहून वयाने मोठा असलेला ब्लास्टिंगवालासुद्धा. सव्वीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. गनमधून निघणाऱ्या आगीच्या झोतात सिरॅमिकची पांढरी पूड वितळवायची आणि पंपाच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, फवारायची. नखाएवढ्या जाडीचा तो थर नीट बसला की गढूळ पाण्यातही शाफ्ट वर्षानुवर्षं झिजत नसे.

फवारणीआधी शाफ्टवर बारीक, कठीण खड्यांचा मारा, म्हणजे ब्लास्टिंग, करून तो खरखरीत करतात. त्यानंतर दोन तासांच्या आत थर चढायलाच हवा; उघड्या धातूला हवा बाधते. त्या दिवशी शाफ्ट साडेनऊला तयार झाला आणि वीज गेली. आली ती दीड वाजता.

सहा महिन्यांपूर्वी आलेले मॅनेजर घड्याळ बघतच आले.

"ताई, पेटवा गन. चारला गाडी लागतेय."

"पुन्हा खडे मारावे लागतील, साहेब. शाफ्ट शिळा झालाय."

"शिळा? शाफ्ट आहे तो, भाजी नाही!"

"भाजीचा निदान वास येतो. हा गुपचूप दगा देतो."

ब्लास्टिंगवाला मान खाली घालून हसला. साहेबांचा पारा चढला.

"मग ठेवा गन खाली. उद्यापासून पॅकिंगला!"

पॅकिंगला गेलेलं माणूस गनवर परत आल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. पण हातमोजे काही तिने काढले नाहीत.

"खुशाल पाठवा. आज गन माझ्याकडे आहे."

शाफ्टबरोबरच खडे मारलेली नमुन्याची पट्टी तिने चिमट्याने उचलली, फवारली, गार होऊ दिली. मग छिन्नी लावून एकच ठोका दिला. थर अंड्याच्या टरफलासारखा सुटला. ती खपली तिने साहेबांच्या तळहातावर ठेवली.

"हेच शाफ्टवर चढवू?"

साहेब खपली उलटसुलट करत राहिले. शेवटी ब्लास्टिंगवाल्याला म्हणाले, "घ्या परत मारायला." आणि तिच्याकडे वळून, "पण हुकूम मोडलात. मेमो निघणार."

"काढा ना. कारण मात्र खरं लिहा. चार तास उघड्या पडलेल्या शाफ्टवर फवारायला नकार दिला. असं लिहिलंत तर उभ्या उभ्या सही करते. 'उद्धट वर्तन' लिहिलंत तर कागदाला हात लावणार नाही."

तीन दिवस मेमो साहेबांच्या टेबलावर पडून होता, कारणाचा रकाना कोराच. ताई रोज गनवरच होती. चौथ्या दिवशी ती स्वतःच केबिनच्या दारात उभी राहिली.

"साहेब, पेन देऊ का?"