कुणाकडचा?

"ह्या पोराला कुणी ओळखतं का? ओळखत असाल तर स्टेजजवळ या."

निवेदकानं पुकारलं, माइकवर. भर मांडवात. थोड्या वेळापूर्वी ह्याच माइकवरून पुढाऱ्यांची नावं घेऊन झाली होती, एकेकाला फेटा बांधून झाला होता. आता मी. माझी कॉलर नवरीच्या चुलत्याच्या हातात होती. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. माझ्या उजव्या मुठीत अक्षता होत्या. मंगलाष्टकं सुरू व्हायची होती.

कुणीच उठलं नाही.

"कुणाकडचा रं तू?" आप्पांनी परत विचारलं. "परवा न्हावऱ्यात माझ्या मेव्हण्याच्या पोराचं लगीन झालं, तवा तू पोरीकडचा होतास. जिलबी मीच वाढली तुला. आज पोराकडचा झालास व्हय?"

लोक हसले. चूक माझीच. दोन्ही लग्नं एकाच गोतातली निघतील हे मी धरलंच नव्हतं.

आई-बाप दौंडकडच्या वीटभट्टीवर. बाप मी अकरावीत असताना गेला, आई मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना. राहतं छप्पर भट्टीमालकाचं. आईचा दहावा झाला आणि तिथं दुसरं कुटुंब आलं. शिरूरच्या वसतिगृहातली खाट निकाल लागेपर्यंतच होती. आमच्या खानदानातला पहिला बी.ए. मी, आणि पेढा ठेवायला देव्हारा नाही. रांजणगावला कंपनीत कंत्राटावर लागलो. काही महिन्यांनी 'ब्रेक' दिला. हाकलण्याला तिकडं ब्रेक म्हणतात. कॉटचं भाडं थकलं, कॉट गेली. मग कधी शिरूरचं एसटी स्टँड, कधी दौंडचं स्टेशन. पोलिसाच्या बुटांचा आवाज झोपेतही ओळखू यायचा. भूक आणि भीती पोटात शेजारी शेजारी राहायच्या.

एक पांढरा शर्ट होता, तो पिशवीत घडी घालून जपलेला. लग्नाच्या दिवसांत तो घालायचा. वरातीच्या गर्दीबरोबर आत शिरायचं. पहिल्या पंगतीला बसायचं नाही. कुणी 'कुणाकडचे?' विचारलं की आजूबाजूला मुलीकडची माणसं असतील तर मुलाकडचा म्हणायचं. पण एक नेम मी मोडला नाही. अक्षता टाकल्याशिवाय जेवलो नाही. कुणाच्या तरी पोरीचं भलं होवो, असं मनापासून म्हणायचो. माझा आहेर तेवढाच.

अशाच लग्नांत एक मुलगी पुन्हा पुन्हा दिसायला लागली. हिरवा ड्रेस, केसांत गजरा. मी खांबाआड व्हायचो. खरी पाहुणी असणार, हिनं मला ओळखलं. केडगावच्या एका लग्नात पाण्याच्या टाकीजवळ तिनंच मला गाठलं.

"सारखं मागं मागं काय येता? मुलाकडचे का?"

"हो."

"मी मुलीकडची."

तिच्या एका हातात पाण्याचा ग्लास होता. दुसऱ्या हातात रुमाल, रुमालात दोन लाडू. मी खिशातली प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढून दाखवली. आधी ती हसली, मग मी. टाकीला टेकून दोघं पोट धरून हसलो.

शीतल. वडगाव रासाईची. चुलत्यानं दुप्पट वयाच्या माणसाशी तिचं जमवलं म्हणून निघून आलेली. दिवसा कांदा निवडायला जायची, रात्री पुढच्या स्टेशनचं तिकीट काढून दौंडला बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसायची. मग सकाळी मी तिची वाट बघायला लागलो. एका चहात दोघं. ती आली नाही की मला दरदरून घाम फुटायचा. प्रेम म्हणजे आणखी एका माणसासाठी भ्यायचं, हे मला तेव्हा कळलं.

आमचं ठरलं होतं. लग्नात लांब लांब बसायचं. एक सापडला तर दुसऱ्यानं ओळख द्यायची नाही. शपथ घेतली होती.

"नाव सांग. पूर्ण नाव," आप्पा म्हणाले.

सांगितलं. आडनाव ऐकलं आणि त्यांनी कॉलर सोडली. खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसला.

"हातातल्या अक्षता खाली टाक. आमच्या पोरीच्या डोक्यावर तुझ्या हातच्या नकोत."

"मी बी.ए. आहे," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

"बी.ए. होऊन फुकट खायला शिकलास का?"

परत हशा. बोटं ढिली पडली. दोन दाणे खाली पडलेही. आता मूठ उघडणार, वाकणार, त्यांचे पाय धरणार, एवढ्यात बायकांच्या खुर्च्यांतून आवाज आला.

"माझ्याकडचा हाय तो."

शीतल उभी होती.

"आन् तू कुणाकडची गं?"

"कुणाकडचीच न्हाई. माझं पण नाव पुकारा की, आप्पा. माइक चालूच हाय."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. पुढच्या खुर्चीची पाठ तिनं घट्ट धरली होती. माझ्याइतकीच ती घाबरलेली. आणि तरी उभी.

मी मूठ आवळली. निवेदकाच्या हातातला माइक घेतला. तो गोंधळून गेला होता, त्यानं दिला. मी माझं नाव परत सांगितलं. बापाचं सांगितलं, आईचं सांगितलं, भट्टी सांगितली. "मला घर नाही. भूक लागली म्हणून आलो. अक्षता टाकूनच जेवणार होतो." आवाज कापत होता, आणि स्पीकर तो कापरा आवाज मांडवभर पोचवत होता.

आप्पांनी फेटे बांधलेल्या पुढाऱ्यांकडं चोरून पाहिलं. आवाज खाली आणला. "बरं, झालं आता. मागं बसून जेवा दोघं. तमाशा नको."

"जेवत नाही. आणि ह्या अक्षता तुमच्या मांडवात टाकतही नाही."

बाहेर डांबर तापलं होतं. पाठीमागं मंगलाष्टकं सुरू झाली. शीतलनं ओढणी डोक्यावर घेतली. मग म्हणाली, "जेवून तरी भांडायचंस रे."

मूठ उघडली. घामानं तांदूळ तळहाताला चिकटलेले, कुंकवानं तळवा लाल.

आता आमचं नोंदणी लग्न झालंय. मी क्लासवर शिकवतो, ती पॅकिंगला जाते. शिरूरमध्ये खोली शोधतोय. प्रत्येक दारात आधी तोच प्रश्न, कुणाकडचे तुम्ही? आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असते. ओळखीचे सांगतात, दुसरं आडनाव सांगा, कोण बघतंय.

आज संध्याकाळी आणखी एका दारात उभं राहायचंय. शीतल म्हणते, "आडनावापासनंच सुरू कर, म्हंजी येळ वाचंल."

तसंच करणार. दार तोंडावर बंद झालं तर स्टेशन आहे, ते मला पाठ आहे. पण खोटा पाहुणा होऊन आता कुणाच्याही छपराखाली शिरणार नाही.