हाताला ठाऊक असलेली जागा

जुनी घरं नवी करून देणं हा माझा धंदा. हल्ली सगळी कामं मोबाइलमधल्या अ‍ॅपवर असतात. एकेक संपलं की हिरवी खूण उमटते. काल घरमालकीण काकूंच्या स्वयंपाकघराची शेवटची खूण उमटली, तसं मी त्यांना कौतुकानं आत बोलावलं.

दारातच त्यांचा हात, न बघता, उजव्या भिंतीवर गेला. दिव्याचं बटण आम्ही डावीकडे नेलं होतं. ओल्या रंगावर त्यांची बोटं उमटली.

"होईल हो सवय," त्या ओशाळून म्हणाल्या.

भिंती महिन्याभरात बदलतात. हात मात्र जुन्याच घरात राहत असतो, आणि आम्ही त्याला कधी विचारत नाही.

रंगारी ब्रश घेऊन पुढे झाला.

"थांब," मी म्हटलं, "बोटं उमटलीत तिथंच बटण बसवायचंय."

अ‍ॅपवरची हिरवी खूण मी काढून टाकली.