खडूच्या खुणा

ड्युसेलडॉर्फमधल्या आमच्या इमारतीची देखभाल केसेलहूटबाईंकडे होती. दुपारी एक ते तीन ही विश्रांतीची वेळ. त्या वेळात कुणी साधा खिळा ठोकला तरी बाई दारात हजर. तळघरात विजेच्या यंत्रांवर संगीत करणाऱ्या फाल्कशी तर त्यांचं उभं वैर. तरी त्याची खोली झाडायला त्याच जायच्या, कारण दुसऱ्या कुणाचं झाडणं त्यांना पसंत पडत नसे.

१९७४च्या मार्चमध्ये फाल्कला तीन आठवडे खपून हवा तो खर्ज सापडला. त्या यंत्राला जुळवलेला सूर साठवून ठेवता येत नसे, म्हणून त्याने प्रत्येक बटण कुठवर फिरवायचं याची खडूने खूण केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता रेडिओची माणसं ध्वनिमुद्रणाला येणार होती. ते फसलं तर तो सगळं सोडून वडिलांच्या छापखान्यात जाणार होता. साडेबाराला बाईंनी ओल्या फडक्याने यंत्र लख्ख पुसलं. बटणंसुद्धा एका रेषेत आणून ठेवली.

फाल्क जेवून आला तेव्हा मी जिन्यातच होतो.

"खडू पुसला मी," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, घाण आहे."

"सगळा?"

"मी कधी अर्धवट काम करते का?"

फाल्कने घड्याळ पाहिलं. "इतके दिवस ऐकून माझा कान बधिर झालाय, आता तो सूर शोधायचा म्हणजे दिवस जातील. आणि तुमची ती विश्रांतीची वेळ झाली."

"घाला ती चुलीत. वाजवा तुम्ही. माझं स्वयंपाकघर बरोब्बर वर आहे. तीन आठवडे हेच ऐकतेय, तो सूर डोक्यात बसलाय माझ्या."

त्या वर जाऊन चमचा घेऊन उभ्या राहिल्या. तळघरात जाणाऱ्या हीटरच्या पाइपवर एक ठोका म्हणजे सूर अजून खाली, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे हाच. पावणेदोनला वरचे निवृत्त पोस्टमन भांडायला आले. "गप बसा हो, ऐकू येत नाहीये मला," म्हणून बाईंनी त्यांना परत धाडलं. अडीच झाले. तीनला पाच मिनिटं असताना रेडिओची गाडी रस्त्यावर थांबली आणि पाइपवर तीन ठोके पडले.

तो खर्ज गाजला. देशोदेशीची पोरं जुनी यंत्रं मिळवून तोच सूर शोधत बसली. फाल्क प्रत्येक मुलाखतीत बाईंच्या कानाचे गोडवे गायचा. बाई मात्र तो सूर रेडिओवर लागला की बटण बंद करायच्या. मला त्या तुसडेपणाचा राग यायचा.

शेवटच्या आजारात त्यांनी मला जवळ बसवलं. "गाडी दिसली आणि माझा धीर सुटला," त्या म्हणाल्या. "सूर तो नव्हताच. तीस वर्षं तो माझं कौतुक करतोय आणि मी ऐकून घेतेय."