सेटवर इंग्रजीच

तेव्हा मी सिग्नलचा हवालदार होतो. आमची कंपनी बर्फाळ डोंगरावर तैनात होती. वायरलेस सेटवर फक्त इंग्रजीत बोलायचं, हा नियम माझा. वरून तसा हुकूम नव्हता. दुपारी मी क्लास घ्यायचो. ‘रिक्वेस्ट परमिशन टु विड्रॉ’, ‘वेटिंग फॉर ऑर्डर्स’ अशी वाक्यं पाठ करून घ्यायचो. जो चुकेल, ‘येस’ऐवजी गावाकडचं ‘हव’ म्हणेल, त्याने लंगरमधल्या देगच्या घासायच्या.

सगळ्यात जास्त देगच्या सिपाही बिसाहूने घासल्या. तो रायपूरजवळच्या अभनपूरकडचा, मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला, म्हणून मला भैया म्हणायचा.

“भैया, अंग्रेजी से तो देगची अच्छी. चुपचाप रहती है.”

सगळे हसायचे.

त्या सकाळी वरच्या चौकीवर तो आणि आणखी दोन जवान होते. खाली आमच्या पोस्टमध्ये मेजरसाहेब चहा घेत उभे होते. सेट वाजला.

“भैया, ऊपर बरफ फाटत हे. उतर जांव का?”

हुकमाशिवाय चौकी सोडता येत नाही. हुकूम देणारे माझ्या शेजारीच होते. वळून विचारायचं, एवढंच काम होतं. पण त्यांच्यासमोर मला माझा क्लास दाखवायचा होता.

“से इट इन इंग्लिश. पूरा वाक्य. ओव्हर.”

नुसती खरखर. मग त्याचा आवाज.

“सर, रिक्वेस्ट... रिक्वेस्ट परमिशन...”

मेजरसाहेब हसले. मीही हसलो. त्यानंतर सेटवर काही आलं नाही.

दोघे जवान खाली पोहोचले. ‘तुम निकलो, मैं ऑर्डर लेकर आता हूँ,’ असं सांगून बिसाहूने त्यांना पाठवलं होतं. तो स्वतः बर्फाखाली सापडला, तो सेटपाशीच.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, सेट खराब, संपर्क तुटला. सेट ठीक होता.

पुढे रायपूर राजधानी झालं, गल्लोगल्ली इंग्लिश स्पीकिंगचे क्लास निघाले. मीही निवृत्तीनंतर घरी एक काढला, बरीच वर्षं चालवला. लांब बीरगांवहूनही मुलं यायची. क्लासच्या एका निरोपसमारंभात मला हार घालताना एक पालक म्हणाले, “सरांनी फौजेला इंग्रजी शिकवलं.” दुसऱ्या दिवशी मी दारावरची पाटी काढली.

बायको म्हणाली, “काहून बंद करून राहिले?”

तिला पहिल्यांदा खरं सांगितलं. मग अभनपूरला गेलो.

बिसाहूचा धाकटा भाऊ इतकी वर्षं त्या सेटला शिव्या देत आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मेरे भैया ने क्या पूछा था?”

“उतर जांव का.”

“तो हव बोल देते. बस.”