कातरलेली कुत्री

दुष्काळात आटपाडीकडचं आमचं गावतळं आटलं आणि त्याचं कुत्र्यांचं मैदान झालं. दिवस कलला की सगळे मेंढके आपापली कुत्री तिथं मोकळी सोडत. मेलेली मेंढरंही तिथंच टाकत. कुत्री त्यात लोळायची आणि त्याच तोंडानं माणसांचे हात चाटायची. तो वास आठवला की आजही मला घास जात नाही.

तिथं रोज जायची पाळी माझ्यावर आणली ती धाकट्या भावानं. तो फौजेत. माझं लग्न व्हायचं होतं. सुट्टीवर येताना तो साहेबाच्या बंगल्यावरची दाट केसांची अल्सेशियन कुत्री घेऊन आला. "अक्का, क्वार्टर मिळालं की घिऊन जातो. तवर सांभाळ. पर बांधून ठिवू नगंस, रोज मोकळी पळू दे," म्हणाला आणि गेला. लाळेचा थेंब अंगावर पडला तरी मला आंघोळ करावीशी वाटे. पण भावाचा शब्द पडला.

वैशाखात ती उन्हानं धापा टाकू लागली. केसांत गोचिडं आणि तळ्यातली घाण. वैतागून मी वडलांना, आबांना म्हटलं, "आवं, हिचं काय करू?"

आबांची हयात मेंढरांत गेलेली. "कातरून टाक. मेंढरू न्हाई का हलकं हुत? लय गार वाटंल तिला."

कातरताना मेंढराच्या अंगावर थोडी लोकर राखतात. मी तेवढेही केस राखले नाहीत. घाण एकदाची जावी म्हणून पार कातडीपर्यंत कातरत गेले.

चार दिवसांत तिची पाठ उन्हानं भाजली. फोड आले, फुटले, माश्या बसल्या आणि अळ्या पडल्या. मला भडभडून ओकारी आली. पण केलं होतं मीच. सीताफळाचा पाला वाटून जखमांत भरायचा आणि वर आलेल्या अळ्या बोटांनी वेचायच्या, असं कितीतरी दिवस चाललं. ती कण्हायची, पण एकदाही चावली नाही. भाऊ येईपर्यंत ती जगावी, एवढंच माझ्या मनात होतं.

दिवाळीत तो आला. क्वार्टर मिळालं होतं. कुत्री शेपूट हलवत त्याच्याकडं धावली. त्यानं तिच्या पाठीवरचे उघडे चट्टे पाहिले.

"आता हिला काय न्यायची, अक्का? लोक हसतील. ऱ्हाऊ दे हितंच, मेंढरांत."

तिनं त्याच्या बुटावर हनुवटी टेकली. त्यानं पाय मागं घेतला आणि रुमालानं बूट पुसला.

त्या तळ्याची आली नव्हती, अळ्यांची आली नव्हती, एवढी किळस मला त्या वेळी माझ्या सख्ख्या भावाची आली.