पहिलं थालीपीठ

लहानपणी नैनाची खोली क्वचितच नैनाची असायची. फ्रीमाँटच्या त्या टाउनहाउसमध्ये सतत कुणीतरी नव्यानं अमेरिकेत आलेलं असे. कधी पुण्याचं जोडपं, कधी नागपूरहून एकटाच आलेला कुणी इंजिनिअर. अपार्टमेंट मिळेपर्यंत, ड्रायव्हिंग टेस्ट पास होईपर्यंत ही मंडळी राहायची, आणि नैना उशी काखेत मारून हॉलमधल्या एअर मॅट्रेसवर जायची. सकाळपर्यंत मॅट्रेसमधली निम्मी हवा गेलेली असायची. पाठ जमिनीला टेकली की जाग यायची, आणि जाग आली की थालीपिठाचा वास.

तव्यापाशी आई, वसुधा. थालीपीठ तव्यावरून थेट ताटात पडलं पाहिजे आणि त्यावरचा लोण्याचा गोळा खाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत वितळला पाहिजे, हा तिचा कायदा होता. म्हणून सगळ्यांचं होईपर्यंत ती तव्यापासून हलायची नाही. शेवटचं थालीपीठ ती ओट्याशी उभ्यानं खायची, गळ्यात कॉम्प्युटर-चिप कंपनीचा बॅज अडकवलेला, एका हातात गाडीची किल्ली. ते बहुतेकदा कडेनं करपलेलं आणि गार असायचं.

"मी मोठी झाले की माझ्या घरी एकही गेस्ट येणार नाही," असं नैनानं तिसरीत असताना इंग्रजीत जाहीर केलं होतं.

आज ती अडतीस वर्षांची आहे आणि तिच्या घरातल्या पाच खोल्या पाहुण्यांच्या आहेत.

हार्लन क्रीक हे गाव सिएरा पर्वताच्या पायथ्याशी आहे. सोनं शोधायला आलेल्यांनी ते वसवलं. थोडं सोनं सापडल्यावर त्यांना इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातली घरं हवीशी वाटली, म्हणून इथल्या छपरांना लाकडी झालरी आल्या, जिन्यांना रंगीत काचा आल्या, न्हाणीघरांत सिंहाच्या पंजांसारख्या पायांचे टब आले. सोनं संपलं, झालरी राहिल्या. नैनाचं 'पेअर ट्री इन' हे छोटं हॉटेल म्हणजे एका खाण-मॅनेजरचं असंच जुनं घर. एका सुट्टीत ती इथं दोन रात्री राहायला आली आणि मग हॉस्पिटलच्या ऑफिसमधली नोकरी सोडून कायमची परत आली. ती नळ स्वतः दुरुस्त करते, चादरींना स्वतः इस्त्री करते, आणि सकाळी नऊला एका लांब टेबलावर सगळ्यांना एकत्र बसवून नाश्ता देते. रविवारी थालीपीठ असतं. भाजणी फ्रीमाँटहून येते, झिपलॉकच्या पिशव्यांतून. पाहुणे त्यावर लोणी आणि अंजिराचा जॅम लावून खातात. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

आई यायचीच नाही. "पाहुण्याला उठताना बिल द्यायचं, हे मला बघवणार नाही," असं ती म्हणे. अखेर या ऑक्टोबरात बाबांनीच, म्हणजे राजीवनी, परस्पर बुकिंग केलं आणि दोघं शुक्रवारी संध्याकाळी आले. नैनानं रंगीत खिडकीची सर्वांत चांगली खोली त्यांना ठेवली होती. तिला एकच गोष्ट हवी होती. आईनं या टेबलाशी बसून, चारचौघांसारखं, पहिलं गरम थालीपीठ खावं. एकदाच.

बाबा जन्मजात पाहुणे. तासाभरात ते व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत रुळले. आई मात्र शनिवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी खुर्चीवर जेमतेम टेकली आणि उठली.

"आई, बस ना यार!"

"बसते गं. हे एवढे कप नेऊन ठेवते."

कप नेले, मग ते धुतले, मग ओटा पुसला. नैना मागे वळून पाहते तर आई उभ्यानं पावाच्या कडा खात होती.

"इथं हे चालत नाही. तू गेस्ट आहेस!"

"मी तुझी आई आहे. गेस्ट ते." तिनं पदार्थांवर ताव मारणाऱ्या राजीवकडे हनुवटीनं दाखवलं. "लग्न झाल्यापासून."

"आय हर्ड दॅट," बाबा टेबलावरून म्हणाले.

रविवारी नैना लवकर उठली. कणीक भिजवावी तशी भाजणी भिजवली, कांदा चिरला, कोथिंबीर चिरली. घर शांत होतं. आई स्वयंपाकघरात आली नाही, म्हणून तिला बरं वाटलं. तेव्हाच खरं तर तिनं ओळखायला हवं होतं.

नऊला थोडा वेळ असताना वरून मोठ्यानं हाक आली. वॉल्टर जिन्यात उभा होता. हा बेकर्सफील्डहून आलेला पाहुणा, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर, थुलथुलीत आणि हसरा. आता हसत नव्हता. त्याच्या हातात एक लखलखीत रिकामी बरणी होती.

"माझं सोनं कुठं गेलं?"

दोन दिवस वॉल्टर ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून, ताटलीत वाळू फिरवत होता. सोन्याचे तीन बारीक कण मिळाले होते. ते हरवू नयेत म्हणून त्यानं वाळूसकटच बरणीत ठेवले होते. घरी नात वाट बघत होती. तिला तो फोनवर रोज त्यांचं वर्णन करून सांगत होता.

आई शेजारच्या खोलीतून बाहेर आली. हातात दुसऱ्याच कुणाच्या तरी उशीचा अभ्रा. तिनं तोवर तीन खोल्यांतल्या गाद्या नीट केल्या होत्या. लोक कॉफी घेऊन बागेत गेले होते आणि दारं उघडी होती.

"कसलं सोनं? त्यात चिखल होता!"

"आई! तू काय केलंस?"

"बेसिनजवळ घाणेरडी बरणी होती, घासून ठेवली. सिंकमध्ये नाही हं ओतलं, पाइप तुंबला असता. गुलाबाच्या वाफ्यात ओतलं."

त्या चिखलातच सोन्याचे कण होते, हे नैनानं तिला सांगितलं. मग आईचा चेहरा उतरला. नैनानं तो असा कधीच पाहिला नव्हता. पाहुण्याचं काही आपल्या हातून जावं, हे या बाईच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती वॉल्टरपुढे हात जोडून "सॉरी, सॉरी" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरून बागेत गेली.

सगळे तिच्यामागे गेले. वॉल्टर आपली हिरवी प्लास्टिकची ताटली घेऊन आला, बाबा बादलीभर पाणी घेऊन, बाकीचे पाहुणे कॉफीचे मग घेऊन. आईनं ओलसर दिसणारी माती ओंजळीनं उचलली, बादलीत घातली, मुळं काढली. मग वॉल्टरच्या हातातून ताटली घेतली.

"मॅडम, त्याची एक टेक्निक असते—"

"हे तर रोळणं," आई मराठीतच म्हणाली आणि फतकल मारून बसली.

तिच्या माहेरी तांदूळ असे रोळून घेत. पाण्यात हलके गोल फिरवत वरचे तांदूळ दुसऱ्या भांड्यात ओढायचे, जड खडे तळाशी राहतात. तिचं मनगट फिरू लागलं. ताटली कलती झाली, पाण्याबरोबर माती वाहून गेली, वाळू वाहून गेली.

"आयुष्यभर तळाचं टाकत आले," ती पुटपुटली. "आज वरचं टाकायचं. नैना, याला सांग, फार जोरात फिरवतोस म्हणावं."

नैनानं सांगितलं. वॉल्टर तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. "तिला सांग, मी बेचाळीस मुलांची बस घाटातून चालवलीय, मला हळू चालवता येतं."

तळाशी काळ्या वाळूची एक रेघ उरली आणि तिच्या टोकाला काहीतरी पिवळं चमकलं. सगळ्यांनी ओरडून गल्ली जागी केली. समोरच्या घराची खिडकी उघडली. थोड्या वेळानं दुसरा कण मिळाला. तिसरा काही मिळेना.

"तिसरा गुलाबानं खाल्ला," आई म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी त्या गुलाबावर माझा हक्क," नैनानं सांगितल्यावर वॉल्टर म्हणाला.

"हक्क काय? मीच पाठवीन तुला. पत्ता दे."

नऊ कधीच वाजून गेले होते. नैना हळूच आत गेली, तवा तापवला, पहिलं थालीपीठ थापलं, मध्ये बोटानं भोकं पाडली, तेल सोडलं. झाकणाखालून चर्र असा आवाज आला. बाहेरून मंडळी हात धुऊन येत होती. आई वॉल्टरशी वाद घालत होती, आता सरळ मराठीत, आणि तो इंग्रजीत उत्तरं देत होता. ताटली किती कलती करायची हे दाखवायला तिनं टेबलावरची बशी उचलली, आणि दाखवायला सोपं जावं म्हणून त्याच्याशेजारची खुर्ची ओढून बसली. पाठ टेकून.

नैनानं श्वास रोखला. तव्यावरून उलथन्यानं उचललेलं थालीपीठ तिनं थेट आईच्या ताटात सोडलं आणि वर लोणी ठेवलं. लोणी एका बाजूनं वितळून भोकांत शिरलं.

आईनं बोलता बोलताच तुकडा मोडला, तोंडात टाकला. आणि चावता चावता थांबली.

नैना दारात उलथनं धरून उभी. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"काय झालं?" नैनानं विचारलं.

"भाजणीत धणे कमी पडलेत गं."

"भाजणी तुझीच आहे, आई."

"माझीच?" तिनं आणखी एक तुकडा खाल्ला, डोळे मिटून, सावकाश. "इतकी वर्षं मला कळलं कसं नाही?"

"गरम कधी खाल्लंस?"

आई राजीवकडे वळली. "अहो, तुम्ही तर रोज गरम खायचात! तुम्हाला सांगायला काय झालं होतं?"

"गेस्टनी तक्रार करायची नसते," बाबा म्हणाले.

वॉल्टर काही न समजता हसायला लागला. त्यानं आपल्या ताटाशेजारची जॅमची वाटी प्रेमानं तिच्याकडे सरकवली. आईनं वाटीकडे पाहिलं, मग नैनाकडे पाहिलं.

"हे काय? थालीपिठावर जॅम?"

"आई, प्लीज—"

तिनं चमच्याच्या टोकानं किंचित जॅम घेतला, उरलेल्या तुकड्याला लावला आणि खाल्ला. सगळं टेबल तिच्याकडे पाहत होतं.

"वाईट नाही," ती म्हणाली, आणि रिकामं ताट दोन्ही हातांनी नैनाच्या पुढे केलं. "दुसरं आण. गरम."